जॅक, टॉमी आणि स्टेपनी

जुनी पिकअप घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, चासीवरचा गंज खरवडून बघतात, कागदपत्रं उलटसुलट तपासतात. सीटमागचा कप्पा मात्र कुणी उघडत नाही. तिथली अवजारं बहुधा दोन-तीन मालकांपूर्वीच परागंदा झालेली असतात. माझ्या टाटा २०७ चंही तसंच झालं. पोटाखाली जादा टायर व्यवस्थित लटकत होता, पण तो खाली उतरवायची लांब सळई नव्हती, गाडी उचलायला काही नव्हतं, नट सोडवायलाही काही नव्हतं. पुण्यात सुट्या भागांसाठी नाना पेठ गाठायची, हा रिवाज. तिथल्या एका दुकानात मी लांबलचक वर्णन सुरू केलं, तर काउंटरमागच्या काकांनी ते एका दमात मिटवलं : “म्हणजे जॅक-टॉमी पाहिजे. स्टेपनी आहे ना?”

मला चटकन जाणवलं, की ही तिन्ही माणसांची नावं आहेत. जॅक म्हणजे जॉनचं घरगुती रूप, टॉमी म्हणजे थॉमसचं आणि स्टेपनी हे आडनाव. त्यातही गंमत अशी, की चिखलात लोळून घाम गाळणाऱ्या दोघांना पोऱ्याला हाक मारावी तशी नावं आणि वर्षानुवर्षं नुसत्या पडून राहणाऱ्या चाकाला मात्र जमीनदाराचं आडनाव. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. का, ते सांगतो.

आधी स्टेपनी. शब्द ऐकून ‘स्टेप’शी नातं जुळवायचा मोह होतो, पण तो सोडावा. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात जादा चाक नावाची गोष्टच नव्हती. चाकं बहुतेक लाकडी आऱ्यांची आणि आसाला कायमची बसवलेली. रस्त्यावर घोड्यांच्या नालांचे खिळे विखुरलेले. टायर बसला की रस्त्याकडेलाच तो कड्यावरून उपटायचा, ट्यूबला ठिगळ लावायचं, पुन्हा चढवायचा आणि हातपंपाने हवा भरायची. वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस आडनावाचे दोघे भाऊ होते, वॉल्टर आणि टॉम. १९०४ साली त्यांनी यावर तोड काढली. हवा भरलेला टायर चढवलेलं, पण आरे नसलेलं एक कडं तयार केलं. बसलेल्या चाकाच्या कडेला ते चापांनी आवळायचं की गाडी पुढे निघाली. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून मालाचं नाव ‘स्टेपनी स्पेअर व्हील’. लंडनच्या टॅक्सीवाल्यांनी ते उचलून धरलं आणि साम्राज्याच्या रस्त्यांनी ते देशोदेशी पोचलं. भारतात, बांगलादेशात आणि माल्टात जादा चाकाला आजही स्टेपनीच म्हणतात. ब्राझीलमध्ये त्याला ‘एस्तेपे’ म्हणतात आणि कोशकार तोही शब्द इथलाच धरतात. खुद्द इंग्लंडात मात्र तो विसरला गेला.

या व्युत्पत्तीला एक प्रतिस्पर्धी आहे. लंडनच्या पूर्व भागात स्टेपनी नावाची जुनी वस्ती आहे, तेव्हा चाकाचं नाव तिथूनच आलं असणार, असं काही जण सांगतात. कारखान्याचा पत्ता लानेलीचा असताना लंडनला जायची काही गरज नाही. तरी हा पक्ष सपशेल खोटाही नाही. लानेलीतला तो रस्ता ज्यांच्या नावाचा, ते स्टेपनी घराणं तिथलं मोठं जमीनदार. त्यांचा पूर्वज आल्बन स्टेपनी सोळाव्या शतकात इंग्लंडातून वेल्समध्ये आला. १६२१ मध्ये घराण्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. लानेलीची जमीन त्यांच्याकडे लग्नातून आली आणि गावातली ‘लानेली हाउस’ ही हवेली १७१४ मध्ये त्यांनीच सजवली. हे आडनाव गावावरून पडलेलं दिसतं आणि ते गाव म्हणजे लंडनजवळचं स्टेपनीच असणार. जुन्या इंग्रजीत त्या गावाचा अर्थ ‘स्टिब्बाचा धक्का’, म्हणजे स्टिब्बा नावाच्या कुणाची तरी होड्या लावायची जागा. म्हणजे लंडनवाल्यांचं उत्तर बरोबर आहे, फक्त त्यांनी मधल्या तीन-चारशे वर्षांना वळसा घातला आहे. स्टिब्बावरून धक्का, धक्क्यावरून गाव, गावावरून घराणं, घराण्यावरून रस्ता, रस्त्यावरून दुकानाचा माल आणि मालावरून आपल्या गाडीखालचा टायर, अशी ही वंशावळ.

घराण्याचा पहिला किताब १८२५ मध्ये वारसाअभावी संपला. नात्यातल्या शाखेला तो १८७१ मध्ये नव्याने मिळाला आणि १९०९ मध्ये तोही संपला. डेव्हिस बंधूंचं चाक तेव्हा ऐन भरात होतं. त्यामुळे सरदारकी बुडाली, तरी नाव तरलं ते पंक्चरच्या जोरावर. मराठीत तर त्याला राजकीय कारकीर्दही लाभली. गरज पडली तरच पुढे आणायच्या माणसाला आपण बिनदिक्कत ‘स्टेपनी’ म्हणतो.

इथे कथेला एक पीळ आहे. आपण ज्याला स्टेपनी म्हणतो, ती डेव्हिस बंधूंची स्टेपनी नव्हेच. खऱ्या स्टेपनीत मूळ चाक काढावं लागत नसे, म्हणून चाकाच्या नटांचा आणि त्यांच्या पान्याचा प्रश्नच येत नसे. पुढे रज-व्हिटवर्थ कंपनीची निखळणारी चाकं आली, मग नटांनी आवळायची पोलादी चाकं आली आणि कड्यावर कडं बांधायचा उद्योग संपला. आता अख्खं चाक काढायचं, तर गाडी अधांतरी धरणारा कुणी हवा आणि नट सोडवणारा कुणी हवा. म्हणजे स्टेपनी हरली, म्हणून ही अवजारं गाडीत आली. हरलेल्याचं नाव जिंकणाऱ्याला चिकटलं आणि दोन नोकर मात्र नवे ठेवावे लागले.

पहिला जॅक. यंत्र म्हणून तो फार जुना आहे. फ्रान्समधल्या व्हिलार द ओनकूर याच्या तेराव्या शतकातल्या चित्रवहीत आट्यांवर ओझं उचलायची युक्ती रेखाटलेली आहे. जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं आणि न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने १८५१ मध्ये हातात नेता येईल असा हायड्रॉलिक जॅक केला. आजचा बाटली जॅक याच घरातला. पण याला जॅक का म्हणायचं?

एक मत असं, की ‘जॅक’ हा जॅकॅस, म्हणजे नर गाढव. ओझं वाहतो म्हणून नाव. या मताला शेजारपाजारचा पाठिंबाही आहे. स्पॅनिशमध्ये या यंत्राला ‘गातो’ म्हणजे मांजर म्हणतात, पोर्तुगीजमध्ये ‘मकाकू’ म्हणजे माकड. क्रेन हे नाव क्रौंच पक्ष्याचं. आपल्याकडेही टेकायला घोडी आणि बंदुकीला घोडा आहेच. तरीही मी गाढवाच्या बाजूने मत देणार नाही. जॅकॅस हा शब्द अठराव्या शतकातला आणि जॅक नावाची यंत्रं त्याहून बरीच जुनी. सोळाव्या शतकातच इंग्रजी स्वयंपाकघरात मांसाची सळई आगीवर फिरवणाऱ्या यंत्राला जॅक म्हणत. त्याआधी ते काम एखादा पोऱ्या धगीसमोर बसून करायचा. यंत्राने पोऱ्याची जागा घेतली, तशी त्याच्या हाकेचीही घेतली. बूट ओढून काढायच्या लाकडी खाचेला बूट-जॅक म्हणतात तेही यामुळेच. ते काम आधी नोकराचं होतं.

याला साक्षीदार आपल्या घरातच आहे. पत्त्यांतल्या जॅकला आपण काय म्हणतो? गुलाम. या पत्त्याचं जुनं इंग्रजी नाव ‘नेव्ह’ आणि त्याचा मूळ अर्थ पोऱ्या, चाकर. ‘जॅक’ हे त्याच पत्त्याचं खालच्या वर्गातलं नाव. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये पिप नेव्हला जॅक म्हणतो, म्हणून श्रीमंत घरातली एस्टेला त्याला हिणवते. साहेबाच्या देशात जी गोष्ट कुजबुजत बोलायची होती, ती मराठी पत्तेबाजांनी सरळ पत्त्यावर लिहून टाकली. गाडी उचलणारा जॅक आणि हुकमाचा गुलाम हे सख्खे भाऊ आहेत.

दुसरा टॉमी. बॉक्स पान्याच्या भोकात घालून फिरवायच्या सळईला इंग्रजी कारखान्यात टॉमी बार म्हणत. आपल्या ड्रायव्हरांनी त्यातला बार गाळला आणि जॅक दाबायचा दांडा, टायर उचकटायची पहार, नट सोडवायचा लिव्हर, सगळ्यांना टॉमी करून टाकलं. वर्तमानपत्रांत मारामारीच्या बातम्यांमध्येही ‘लोखंडी टॉमी’ ठरलेली.

हा टॉमी कोण, यावर दोन दावेदार आहेत. पहिला ब्रिटिश सैनिक, टॉमी ॲटकिन्स. एकोणिसाव्या शतकात लष्करी अर्जांवर नमुन्यादाखल हे नाव छापत आणि मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने १८९० मध्ये ‘टॉमी’ नावाची कविताही लिहिली. छावणीतल्या वर्कशॉपमधून शब्द भारतभर पसरला, एवढं मी या पक्षाला देतो. पण वाहून आणणारा म्हणजे बाप नव्हे. दुसरा दावेदार भाकरी. इंग्रज मजुरांच्या बोलीत टॉमी म्हणजे शिधा. मजुरीचे पैसे रोख न देता मालाच्या रूपात द्यायच्या पद्धतीला ‘ट्रक’ म्हणत, तो माल जिथून घ्यावा लागे ते ‘टॉमी शॉप’ आणि ही लूट थांबवायला १८३१ मध्ये ‘ट्रक ॲक्ट’ झाला. ट्रक आणि टॉमी एकत्र! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला घबाड सापडल्यासारखं झालं. पण तो ट्रक फ्रेंचमधल्या अदलाबदलीच्या शब्दावरून आला आहे आणि आपला ट्रक चाकाच्या शब्दावरून. उच्चार सारखा, गोत्र वेगळं.

माझं मत सरळ आहे. टॉमी हा जॅकच्याच चाळीतला. इंग्रज चोरांच्या बोलीत दार उचकटायच्या छोट्या पहारीला आधी ‘बेटी’ म्हणत, म्हणजे एलिझाबेथ, आणि पुढे ‘जेमी’, म्हणजे जेम्स. सामान उचलणाऱ्या डेरिकचं नाव तर एलिझाबेथ राणीच्या काळातल्या डेरिक या फाशी देणाऱ्यावरून पडलं. अवजड, घाणेरडं, कुणालाच नको असलेलं काम करणाऱ्या लोखंडाला गल्लीतल्या पोराचं नाव द्यायची ही रीतच होती. मात्र प्रत्येक नावामागे खरा माणूस शोधू नये. सूत कातायच्या ‘स्पिनिंग जेनी’ या यंत्राला ते बनवणाऱ्या हारग्रीव्ह्जने आपल्या मुलीचं नाव दिलं, ही गोष्ट आता अभ्यासक मानत नाहीत. तिथला ‘जेनी’ बहुधा ‘एंजिन’चाच अपभ्रंश.

राहता राहिली ती लांब सळई, जिला काकांनी सरसकट टॉमीत ढकललं होतं. माझ्या मते ती खरी पाना आहे. ‘पाना’ हा शब्द पानावरून, म्हणजे चपट्या पात्यावरून आला असं वाटू शकतं. मला तो ‘स्पॅनर’च वाटतो. ‘स्टेशन’चं ‘ठेसन’ होताना पहिला ‘स’ जसा गळतो, तसाच इथेही गळला. हा स्पॅनर मूळचा जर्मन, ताणणे या क्रियापदावरून आलेला. सतराव्या शतकात त्याचं काम नट सोडवणं नव्हतंच. त्या काळच्या एका जातीच्या बंदुकीत ठिणगी पाडायला एक छोटं पोलादी चाक असे. त्याच्या चौकोनी टोकावर स्पॅनर बसवायचा आणि फिरवून स्प्रिंग ताणायची. पिकअपच्या मागच्या बंपरखालून सळई आत सारायची, तिचं टोक खाचेत बसवायचं आणि फिरवून साखळीला टांगलेलं चाक उतरवायचं, हे तेच काम आहे. मधल्या पिढीत हँडल मारून इंजिन सुरू करायची सळई होती. सित्रोएनच्या २सीव्ही गाडीत तर एकच दांडा इंजिन सुरू करायचा, जॅक फिरवायचा आणि चाकाचे नटही सोडवायचा. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणला आणि पुढे हळूहळू गाडीच्या नाकातलं भोक बुजलं. पिकअपने तेच भोक शेपटाकडे उघडलं, असा माझा कयास आहे.

या कुळकथेचा व्यवहारात उपयोग एवढाच, की नोकर घराघराचे वेगळे असतात. सळईचं टोक कुठे चौकोनी, कुठे चपटं, कुठे आकडा असलेलं असतं आणि एका गाडीचं दुसरीला लागत नाही. म्हणून दुकानात जाताना खाचेचा फोटो आणि बंपरपासून खाचेपर्यंतचं माप घेऊन जा. जॅक घेताना तो किती टनांचा हे बघाच, पण टायर बसलेला असताना आसाखाली शिरेल इतका तो बुटका आहे का, हेही बघा. पाना नटावर बसवूनच घ्या. विलीज घराण्याची जुनी जीप असेल, तर डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. तिथे टॉमीवर उभं राहून जोर लावलात, तर नट सुटायच्या ऐवजी आवळला जाईल. आणि जुनी पिकअप विकत घ्यायची असेल, तर सौदा ठरायच्या आधी मालकाला स्टेपनी उतरवून दाखवायला सांगा. उतरली नाही, तर तिन्ही नोकरांचा पगार किमतीतून वळता करा.