मुका मार आणि एका बापाचा पेजर

आज गड-किल्ले नाहीत, लढाया नाहीत. आजचा इतिहास मी वाचायला घेतला तो स्वतःच्या गरजेपोटी, त्यामुळे आधी थोडं माझं ऐकून घ्या.

गेल्या पावसाळ्यात पुण्यात माझी बाइक घसरली. हेल्मेट होतं म्हणून निभावलं. स्कॅन नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, कन्कशन आहे, काही आठवड्यांत बरं वाटेल. कन्कशन म्हणजे आपल्या भाषेत डोक्याला बसलेला मुका मार. बहुतेकांना खरंच तेवढ्यात बरं वाटतं. माझी डोकेदुखी कमी झाली, पण विसरणं राहिलं. शाळेत बाकावर शेजारी कोण बसायचं ते आठवायचं. सकाळच्या मीटिंगमध्ये मीच अंगावर घेतलेलं काम मात्र दुपारपर्यंत डोक्यातून साफ. एकदा दूध गॅसवर ठेवून मी खाली भाजी आणायला गेलो. शेजारच्या काकूंना करपल्याचा वास आला म्हणून बरं.

ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. अप्रेझल तोंडावर होतं, आणि 'याला काही लक्षात राहत नाही' हा शिक्का कोण मारून घेणार? आई म्हणाली, "रोज भिजवलेले बदाम खा." बदाम खाल्ले. वर ब्रेन ट्रेनिंगचं ॲपही घेतलं. इंजिनिअरचं डोकं ना! मेमरी कमी पडतेय तर रोज घासून वाढवू, असं वाटलं. दोन महिन्यांत गेममधला स्कोअर मस्त वाढला, आणि त्याच महिन्यात विजेचं बिल भरायचं राहिलं.

मग शोधायला लागलो, की माझ्याआधी लोकांनी या दुखण्याचं काय केलं.

पहिल्या महायुद्धापासून सुरुवात करू. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये तीन सैनिकांवर लेख लिहिला. तोफगोळे जवळ फुटल्यानंतर त्यांची दृष्टी, वास, चव आणि स्मृती यांवर परिणाम झाला होता. 'शेल शॉक' हा शब्द या लेखामुळे सगळीकडे गेला. मायर्स हरवलेल्या आठवणी परत आणायला संमोहन वापरायचे. पण दुखणं मेंदूचं की मनाचं, हा वाद तेव्हा पेटला तो पुढे कितीतरी वर्षं चालू राहिला. बाहेरून जखम दिसत नाही, मग हा माणूस नाटक तर करत नाही ना? मुका मार लागलेल्याकडे लोक आजही त्याच नजरेनं बघतात, म्हणून तर मी गप्प होतो.

खरी कलाटणी दुसऱ्या महायुद्धात मिळाली. एडिनबर्गजवळच्या बँगूर इथे मेंदूला इजा झालेल्यांसाठी वेगळा विभाग होता. तिथे ऑलिव्हर झँगविल नावाचे मानसशास्त्रज्ञ काम करायचे. १९४७ मध्ये त्यांनी पुनर्वसनाच्या वाटा मांडल्या. गेलेली क्षमता सराव करून परत आणायची, ही एक. जे गेलं त्याला वळसा घालून काम भागवायचं, ही दुसरी. आणि तेच काम मेंदूकडून वेगळ्या पद्धतीनं करून घ्यायचं, ही तिसरी. हे वाचताना मला आजी आठवली. काही लक्षात ठेवायचं असलं की ती पदराला गाठ मारायची. झँगविल यांच्या हिशेबात ती वळसा घालणारी! मी मात्र ॲप घेऊन पहिल्याच वाटेवर हट्टानं चालत होतो.

आता माझ्या आवडत्या भागाकडे येतो. कॅलिफोर्नियात लॅरी ट्रेडगोल्ड नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या मुलाच्या डोक्याला इजा झाली होती. वेळापत्रक लिहून दिलं तरी ते बघायचं लक्षात राहिलं पाहिजे, आणि नेमकं तेच अशा माणसाला जमत नाही. ट्रेडगोल्ड यांनी नील हर्श या न्यूरोसायकॉलॉजिस्टसोबत 'न्यूरोपेज' तयार केलं. त्याची माहिती १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. कमरेला साधा पेजर. (पेजर म्हणजे फक्त छोटे मेसेज येणारी डबी. घरातल्या मोठ्यांना विचारा.) कधी काय करायचं ते एका कॉम्प्युटरमध्ये भरलेलं असायचं. वेळ झाली की तो मॉडेमवरून पेजर कंपनीला निरोप द्यायचा आणि कमरेवरची डबी वाजायची : गोळी घे, डबा भर. वापरणाऱ्यानं एक बटण दाबायचं, बस. नवीन काही शिकायची गरज नाही. माझ्या मते याहून चांगलं डिझाइन क्वचितच सापडेल, कारण ज्याच्यासाठी बनवलं त्याची अडचण काय आहे हे बनवणाऱ्यानं रोज घरात बघितलं होतं.

इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन यांनी ते नीट तपासून पाहिलं. १९९७ च्या पहिल्या अभ्यासात फक्त १५ जण होते. ठरवलेली कामं वेळेवर होण्याचं प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरून ८५ टक्क्यांच्या आसपास गेलं. मग २००१ मध्ये १४३ जणांचा मोठा अभ्यास आला. तो पूर्ण करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोकांची कामं पेजर असताना लक्षणीय सुधारली. गंमत म्हणजे पेजर परत घेतल्यावर सात आठवड्यांनी बघितलं, तर त्यांतल्या बहुतेकांची सुधारणा टिकून होती. निरोप येत राहिला आणि सवय लागली. विल्सन यांनी १९९६ मध्ये ईली गावात पुनर्वसन केंद्र सुरू केलं. त्याचं नाव? ऑलिव्हर झँगविल सेंटर.

एक मात्र सांगायला हवं. पेजर वापरणाऱ्यांच्या इजा माझ्यापेक्षा खूप गंभीर होत्या. मुक्या माराचं काय? त्यावर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या १२६ सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना कन्कशन होऊन तीन महिने ते दोन वर्षं झाली होती. काहींना फक्त माहिती आणि नेहमीचे उपचार दिले, काहींना कॉम्प्युटरवरचा सराव, काहींना थेरपिस्टसोबत बसून रोजच्या अडचणींवर उपाय. रोजच्या जगण्यातल्या तक्रारी नुसत्या माहितीच्या तुलनेत जास्त कमी झाल्या त्या थेरपिस्टवाल्या गटांत. माझ्या ॲपचं सबस्क्रिप्शन त्या दिवशी बंद केलं.

'अंधाऱ्या खोलीत पडून राहा' हा सल्लाही आता मागे पडला आहे. तज्ज्ञांच्या २०२३ च्या निवेदनात खेळाडूंना पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती आणि मग हळूहळू हालचाल सांगितली आहे.

शेवटी मीही एका थेरपिस्टकडे गेलो. त्यांनी आधी स्मृतीबद्दल विचारलंच नाही. झोप किती होते, मान दुखते का, काळजी कसली वाटते, हे विचारलं. मी रात्री तीनपर्यंत जागा असायचो. झोपेचीच बोंब असेल तर लक्ष कुठून लागणार, आणि लक्षच नसेल तर लक्षात काय राहणार? तिथून सुरुवात झाली. मग सगळी कामं फोनच्या एकाच कॅलेंडरमध्ये, गजर लावून. मीटिंग संपायच्या आत लिहायचं, 'नंतर लिहितो' म्हणायचं नाही.

टीम लीडलाही सांगून टाकलं. तो दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "यापुढे काम तोंडी सांगत नाही, मेसेज टाकत जातो." एवढंच. अप्रेझल सोसोच झालं, पण नोकरी आहे.

अजून विसरतो, पण पूर्वीपेक्षा कमी. तुमच्यापैकी कुणाला मार लागून महिना उलटला आणि अजून असं होत असेल, तर माझ्यासारखं लपवत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी असेल तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

थांबा, फोन वाजतोय. 'दूध बंद कर' म्हणतोय. आलोच.