लादी ठेकेदार, आरोग्य विमा आणि आयकर

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत जुन्या चाळींच्या जागी नव्या इमारती उभ्या राहत आहेत आणि जुन्या घरांतील डागडुजीही अखंड चालू असते. या दोन्ही ठिकाणी लादी, कडप्पा, कोटा, संगमरवर व ग्रॅनाइट बसविण्याचे ठेके घेणारे अनेक लहान व्यावसायिक या परिसरात आहेत. त्यांना ना पगारी रजा, ना कंपनीचा गटविमा. ठेकेदार स्वतः आजारी पडला की काम थांबते आणि उत्पन्नही थांबते. म्हणून आरोग्य विमा आणि त्यावरील आयकराची वजावट यांविषयीची माहिती आम्ही येथे एकत्रितपणे देत आहोत.

या धंद्यातील जोखीम

दगड किंवा लादी कोरडी कापताना सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ उडते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसांत साचल्याने सिलिकोसिस हा बरा न होणारा विकार जडतो. कापताना पाण्याचा वापर व योग्य प्रतीचा मास्क हाच त्यावरील प्रतिबंध होय. तासन्‌तास गुडघ्यांवर बसून काम केल्याने गुडघे झिजतात, पाठ धरते. कटर व ग्राइंडरच्या जखमा तर नित्याच्याच. यांतील बरेचसे आजार हळूहळू वाढणारे असल्यामुळे विमा तरुणपणीच घेणे हिताचे ठरते. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने असतो. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही.

कलम ८०-डी काय देते?

आयकर कायदा, १९६१ मधील कलम ८०-डी नुसार आरोग्य विम्याच्या हप्त्याची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर कायदा, २०२५ मध्ये हीच तरतूद कलम १२६ मध्ये आहे. मर्यादा पुढीलप्रमाणे :

१. स्वतः, पती वा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले : २५,००० रुपयांपर्यंत. यांपैकी विमा उतरविलेली एखादी व्यक्ती ६० वर्षांची वा अधिक वयाची असल्यास ५०,००० रुपयांपर्यंत.

२. आईवडील : याशिवाय आणखी २५,००० रुपये. ते ज्येष्ठ नागरिक असल्यास ५०,००० रुपये. आईवडील आपल्यावर अवलंबून असण्याची अट नाही. सासूसासरे व भावंडे मात्र यात येत नाहीत.

३. प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणी : ५,००० रुपयांपर्यंत. ही रक्कम वरील मर्यादांच्या आतच धरली जाते.

४. विमा नसलेले ज्येष्ठ नागरिक : त्यांच्या औषधोपचारांचा खर्च ५०,००० रुपयांच्या त्याच मर्यादेत वजा होतो. उतारवयात पॉलिसी न मिळालेल्या आईवडिलांच्या बाबतीत ही तरतूद फार उपयोगी आहे.

हप्ता रोखीने भरल्यास वजावट मिळत नाही. केवळ आरोग्य तपासणीचा खर्च रोखीने चालतो. आमच्या या व्यवसायात बराच व्यवहार रोखीत होत असल्याने एजंटाच्या हाती रोकड देण्याची सवय असते. ती सोडून धनादेश, कार्ड किंवा यूपीआयनेच हप्ता भरावा. दोन-तीन वर्षांचा हप्ता एकरकमी भरला असल्यास वजावट त्या वर्षांत समप्रमाणात विभागून मिळते. केवळ अपघात विमा मात्र या कलमात बसत नाही. तरीही कटर चालविणाऱ्याने तो अवश्य घ्यावा.

ही वजावट व्यक्तीला व हिंदू अविभक्त कुटुंबाला मिळते. ख्रिस्ती कुटुंबांना अविभक्त कुटुंब म्हणून करदाता होता येत नाही. भाऊभाऊ मिळून भागीदारी संस्था चालवीत असले, तर संस्थेला ही वजावट नाही. प्रत्येक भावाने आपापल्या खात्यातून हप्ता भरून आपापल्या विवरणपत्रात ती मागावी.

कर्करोगासारख्या ठरावीक गंभीर आजारांवरील खर्चासाठी जुन्या कायद्यात कलम ८०-डीडीबी ही वेगळी वजावट आहे : ४०,००० रुपये, आणि रुग्ण ज्येष्ठ असल्यास १,००,००० रुपये. विम्यातून मिळालेली रक्कम त्यातून वजा होते व तज्ज्ञ डॉक्टरांचे लेखी पत्र लागते. परळच्या टाटा रुग्णालयात घरच्यांवर उपचार चालू असलेल्यांनी हे कागद जपून ठेवावेत.

धंद्याचा खर्च आणि घरचा हप्ता

स्वतःच्या कुटुंबाचा हप्ता हा वैयक्तिक खर्च होय. तो धंद्याच्या हिशेबात टाकता येत नाही. कामगारांसाठी रोखीव्यतिरिक्त अन्य मार्गाने भरलेला आरोग्य विम्याचा हप्ता मात्र धंद्याचा खर्च ठरतो. परंतु कलम ४४-एडी नुसार अंदाजित उत्पन्न दाखविणाऱ्यांना तो स्वतंत्रपणे वजा करता येत नाही. या पद्धतीत उलाढाल २ कोटी रुपयांपर्यंत असल्यास रोख जमेच्या किमान ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या जमेच्या किमान ६ टक्के रक्कम उत्पन्न मानली जाते. प्रत्यक्ष नफा अधिक असल्यास तो अधिकच दाखवावा लागतो.

खरा प्रश्न : जुनी पद्धत की नवी?

आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करपद्धत हीच मूळ पद्धत झाली आहे आणि तीत ८०-डी व ८०-डीडीबी या वजावटी मिळत नाहीत. वजावट हवी असल्यास जुनी पद्धत निवडावी लागते. धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याने, आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नासाठी, विवरणपत्राच्या मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरणे आवश्यक आहे. नोकरदार दरवर्षी पद्धत बदलू शकतो. धंदेवाईकाला मात्र जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत एकदाच परतता येते. त्यानंतर धंदा चालू असेपर्यंत जुनीचा दरवाजा बंद होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका ठेकेदाराची वर्षाची जमा १ कोटी रुपये आहे. ४० लाख रोख व ६० लाख बँकेतून. अंदाजित उत्पन्न ३,२०,००० अधिक ३,६०,०००, म्हणजे ६,८०,००० रुपये. त्याने घरचा २२,००० व ज्येष्ठ आईवडिलांचा ४६,००० रुपये हप्ता भरला. जुन्या पद्धतीत ६८,००० रुपये वजा होऊन अधिभारासह कर ३६,२९६ रुपये येतो. वजावट घेतली नसती तर तो ५०,४४० रुपये झाला असता. म्हणजे १४,१४४ रुपयांची बचत झाली. आता नवी पद्धत पाहू. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या दरांनुसार १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. १४,१४४ रुपये वाचविण्याच्या नादात या गृहस्थाने ३६,२९६ रुपये भरले असते.

उत्पन्न १३ लाख रुपये असले तरी जुनी पद्धत परवडण्यास सुमारे ४,८८,००० रुपयांच्या वजावटी लागतात. ८०-सी चे दीड लाख, घरकर्जाच्या व्याजाचे दोन लाख आणि ८०-डी चे कमाल एक लाख मिळूनही बेरीज साडेचार लाखच होते. म्हणून मार्च महिन्यात ‘कर वाचेल’ एवढ्याच शब्दावर पॉलिसी घेऊ नये. आधी दोन्ही पद्धतींचा आकडा कागदावर मांडून पाहावा.

वजावट नाही, म्हणून विमा नको?

असा निष्कर्ष काढणे ही मोठी चूक ठरेल. पॉलिसी सवलतीच्या मुदतीपलीकडे खंडित झाली, तर पुन्हा घेताना प्रतीक्षाकाळ नव्याने मोजला जातो, आणि तोवर गुडघ्याचे वा छातीचे दुखणे ‘आधीपासूनचा आजार’ होऊन बसलेले असते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे. हा लाभ कोणत्याही करपद्धतीत मिळतो.

घरात ७० वर्षे पूर्ण झालेले कोणी असल्यास, ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. त्यांचे कार्ड काढून घ्यावे. हाताखालच्या कारागिरांनी व बिगाऱ्यांनी वर्षात ९० दिवस बांधकामाचे काम केले असल्यास राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी होऊ शकते. त्यासाठी लागणारे कामाचे प्रमाणपत्र ठेकेदाराने देणे हे त्याचे कर्तव्यच होय.

हप्त्याची पावती, बँकेचा उतारा व रुग्णालयाची बिले वर्षनिहाय एका फाइलमध्ये ठेवावीत. विवरणपत्र भरण्यापूर्वी आपल्या कर सल्लागाराला दोन्ही पद्धतींचा हिशेब लेखी मागावा, आणि विमा मात्र कराकडे न पाहता, घरातील माणसांकडे पाहून चालू ठेवावा, अशी आमची वाचकांना विनंती आहे.