सही कोणाची?

गेल्या श्रावणात इटियाडोहच्या परिसरातल्या एका गावात ढिवर बायकांच्या संस्थेची बैठक होती. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर बांधलेल्या या धरणाचे पाणी दूर गडचिरोलीच्या धानापर्यंत पोहोचते. बायकांचे काम मात्र धरणावर नव्हते, गावच्या जुन्या मालगुजारी तलावावर होते. तलावातले बेशरम उपटायचे, माशांना आसरा देणाऱ्या देशी पाणवनस्पती लावायच्या आणि मासळी परत आणायची. दोन वर्षे त्यांनी हे पदरमोड करून केले. आता शहरातल्या एका प्रतिष्ठानकडे अनुदान मागायचे होते. मी निवृत्त शिक्षक, म्हणून अर्ज लिहायचे काम माझ्याकडे आले.

अर्जात दोन रकाने एकाखाली एक होते. पहिला : ‘संस्थेच्या नेतृत्वात लाभार्थी समाजाच्या किती व्यक्ती आहेत?’ दुसरा : ‘आर्थिक व्यवहारावर देखरेख करणाऱ्या अनुभवी व्यक्तीचे नाव.’ कुणीतरी माझे नाव सुचवले. तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, “गुरुजी, तुमी आमचेच आहा. पन मंग चेकवर सही कोनाची राहील जी?”

मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. घरी येऊन जुनी टिपणे काढली. कारण हा प्रश्न महाराष्ट्रात किमान पावणेदोनशे वर्षे जुना आहे.

पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. १८१८ नंतर इंग्रजांनीही तो निधी चालू ठेवला. १८४९ मध्ये पुण्यातल्या सुधारक तरुणांनी अर्ज केला, की या निधीचा काही भाग मराठी ग्रंथनिर्मितीसाठी वापरावा. सनातनी मंडळी खवळली. जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. पुढे महार-मांगांना विद्या शिकवण्यासाठी फुल्यांनी जी मंडळी काढली, तिच्या शाळांना याच दक्षिणा निधीतून दरमहा मदत मिळू लागली. ज्या पैशावर एका जातीचा जन्मसिद्ध हक्क मानला जाई, त्यातून ज्यांची सावलीही वर्ज्य होती त्यांच्या पाट्या-पेन्सिली आल्या. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई या मांग मुलीने ‘ज्ञानोदया’त महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. त्या अनुदानाचा याहून चोख हिशेब कोणत्या लेखापालाने दिला असता?

फुल्यांच्या या कामात गोवंडे, परांजपे यांच्यासारखे ब्राह्मण मित्र होते. त्यांची निष्ठा वादातीत होती. तरी ज्यांच्यासाठी शाळा होत्या, ते अजून कारभाराच्या टेबलाशी बसले नव्हते. तिथवर पोहोचायला पाऊण शतक जावे लागले.

२० जुलै १९२४ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली. तिची रचना अभ्यासण्यासारखी आहे. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांत रँग्लर परांजपे, बाळ गंगाधर खेर. ही नावे पाहून दारे उघडत, देणगीदारांना भरवसा वाटे. पण व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः आंबेडकर, चिटणीस सीताराम शिवतरकर, खजिनदार जाधव. मान पाहुण्यांना दिला आणि वही घरच्या माणसाकडे ठेवली. जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह काढले. त्याच सुमारास, १९२३ मध्ये, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी आपण १९०६ मध्ये स्थापलेल्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनची सूत्रे अस्पृश्य वर्गातल्या कार्यकर्त्यांकडे सोपवली. आयुष्य ओतून उभारलेली संस्था दुसऱ्याच्या हाती देणे सोपे नसते.

या प्रश्नाची खरी कसोटी लागली १९३२ मध्ये. पुणे करारानंतर अस्पृश्यतानिवारणासाठी जी संस्था निघाली, तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस ठक्करबाप्पा. त्या नोव्हेंबरात गोलमेज परिषदेला जाताना आंबेडकरांनी बोटीवरून ठक्करबाप्पांना सविस्तर पत्र लिहिले. काही निवडक मुलांना मदत करून भागणार नाही, नागरी हक्कांसाठी आणि समान संधीसाठी झगडावे लागेल, आणि या कामाला लागणारी तळमळ त्या वर्गातूनच आलेल्या कार्यकर्त्यांत अधिक असेल, असा त्याचा आशय. पुढे अस्पृश्यांना संघाच्या कारभारात स्थान द्यावे अशी मागणी झाली, तेव्हा गांधीजींची भूमिका अशी होती, की हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, म्हणून कारभारही त्यांनीच करावा. ऋणको परतफेड कशी करायची ते ठरवील आणि धनको सल्ला देईल, अशी ही मांडणी. तिच्यामागचा पश्चात्ताप खोटा नव्हता. पण पश्चात्तापाच्या पैशालाही मालक असतो, हे आंबेडकरांनी ओळखले आणि ते बाहेर पडले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली. पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा अनुभव याला समांतर जातो. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या आग्रहावरून शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी १९१२ पासून दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांना मदत सुरू केली. १९३२ पर्यंत जवळजवळ ५,००० शाळा उभ्या राहिल्या. अट अशी, की गावानेही वाटा उचलावा. कापूस वेचणाऱ्या, खंडाने जमीन कसणाऱ्या माणसांनी मिळून सुमारे ४७ लाख डॉलर दिले. ही रक्कम रोझेनवाल्ड यांच्या सुमारे ४३ लाखांहून अधिक होती. तरी बांधलेली शाळा जाई गोऱ्यांच्या ताब्यातल्या शिक्षण मंडळाकडे. कर एकदा भरला, वर्गणी पुन्हा भरली, किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात. आज तिथली काही सामुदायिक प्रतिष्ठाने कृष्णवर्णीयांच्याच नेतृत्वाखालील संस्थांसाठी वेगळा निधी ठेवतात. त्यामागे हा अनुभव आहे.

मदत घेऊ नये, असे या इतिहासातून निघत नाही. फुल्यांनी घेतली, आंबेडकरांनीही घेतली. प्रश्न एवढाच, की मदत आल्यावर निर्णय कोणाकडे राहतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असला, तरी या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळत नाही. ते कागदावर लिहून घ्यावे लागते.

पुढच्या बैठकीत मी हे बायकांना सांगितले. बहिष्कृत हितकारिणी सभेची रचना त्यांना चटकन कळली. देखरेखीच्या रकान्यात आम्ही संस्थेच्या खजिनदारबाईंचे नाव लिहिले. त्या सातवी शिकलेल्या आहेत. दोन वर्षांचा मासळीचा, बियाण्याचा आणि मजुरीचा हिशेब त्यांनी शाळकरी वहीत ठेवला आहे. त्या वहीच्या प्रती आम्ही अर्जाला जोडल्या. सल्लागार म्हणून खाली माझे नाव आहे, सहीचा अधिकार नसलेले. अशाने अर्ज नाकारला जाऊ शकतो, हे मी त्यांना सांगितले होते.

“नाकारला तं नाकारला जी,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “बेशरम तं आमी असाबी उपटतच होतो.”

हा लेख लिहीपर्यंत प्रतिष्ठानचे उत्तर आलेले नाही.