पहिल्या धारेची

एखादी गोष्ट अस्सल आहे असं ठासून सांगायचं, तर आपण मराठी माणसं 'पहिल्या धारेची' म्हणतो. मग ती कविता असो की शिवी. हा शब्द आला दारूच्या भट्टीवरून. मी स्वतः ती कधी चाखलेली नाही. गझलेत मात्र साकी आणि प्याल्यावाचून आमचं पान हलत नाही, तेव्हा बोलायचा निम्मा हक्क मला असावा.

नाशिकहून पेठ-सुरगाण्याकडे निघालं की मोहाची झाडं भेटू लागतात. मार्च-एप्रिलात फुलं उत्तररात्री गळतात, पहाटे बायका-मुलं ती वेचतात, वाळवतात. खरी परीक्षा पुढे. फुलं पाण्यात भिजत घालायची. उन्हाळ्यात ती लवकर आंबतात, थंडीत वेळ घेतात. कधी थांबायचं ते फेस आणि वास सांगतो. दिवस चुकला की चव गेली. मग मडकं चुलीवर, माथ्यावर गार पाण्याचं भांडं, सांधे मातीनं लिंपलेले. जाळ वाढला की करपट वास, पाणी बदलायला उशीर झाला की वाफ वाया. पहिली धार कडक, नंतरची मवाळ. या दोन्हींचा मेळ घालण्यात घरोघरचा हात वेगळा. पिढ्यान् पिढ्या सुधारत आणलेली ही विद्या, पण तिच्यातल्या एकाही उस्तादाचं नाव आपल्याला ठाऊक नाही.

नावं राहिली ती गुन्ह्यांच्या नोंदीत. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानं घरची भट्टी बंद करून गाळप मक्त्याच्या कारखान्यांकडे नेलं. सरकारला महसूल हवा होता. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा आला आणि फुलांवरच निर्बंध पडले. दुष्काळात लोक हीच फुलं खाऊन जगत, याचं कुणाला काय! स्वातंत्र्यानंतर १९४९चा दारूबंदी कायदा आला.

दारूनं घरं बुडतात, हे मी नाकारत नाही. १९२२ मध्ये आपल्या शेजारच्या डांगात आणि दक्षिण गुजरातेत देवीच्या चळवळीत आदिवासींनी आपणहून दारू सोडली होती. मक्तेदार दुकानदारांवरचा रागही त्यात होता. पण २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली, ती मिथेनॉलनं. मोहाच्या फुलाचा तिथं संबंध नव्हता. बातम्यांत मात्र दोन्हींना एकच शब्द: हातभट्टी.

याच नाशिक जिल्ह्यात २००० मध्ये सुलाची पहिली वाईन बाजारात आली, २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आखलं. आता पर्यटक पेला हलवून वास घेतात, त्याचं कौतुक होतं. व्हावंच. गोव्याच्या काजू फेणीलाही २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मोहाच्या वाट्याला २०२१ मध्ये एवढंच आलं, की फुलं गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध राज्य सरकारनं सैल केले. ती घरी गाळणं अजून गुन्हाच आहे.