ताऱ्यांचं घड्याळ

मंडळी, पल्सारचा विषय निघाला की नोबेलचा वाद निघतोच. मला मात्र त्या गोष्टीतले कागद जास्त भावतात.

तर झालं असं. केंब्रिजजवळच्या साडेचार एकरांत अँटनी ह्युइश यांच्या गटाने २०४८ डायपोलांची रेडिओ दुर्बीण उभारली. शोधायचे होते क्वेसार. १९६७ साली ती सुरू झाली आणि पीएचडी करणाऱ्या जोसलिन बेलकडे काम आलं ते रोज जवळजवळ १०० फूट कागद डोळ्यांनी तपासायचं!

ऑगस्टच्या कागदावर तिला जेमतेम पाव इंचाची खरड दिसली. ना क्वेसारसारखी, ना पृथ्वीवरच्या खरखरीसारखी. तिने मागचे कागद काढले, तर आकाशाच्या त्याच भागात पुन्हा तेच. आता, माणसाची यंत्रं २४ तासांच्या घड्याळावर चालतात. तारे मात्र रोज सुमारे ४ मिनिटं आधी उगवतात. ही खरड ताऱ्यांचं घड्याळ पाळत होती! २८ नोव्हेंबरला कागद वेगाने पळवल्यावर दर १.३३ सेकंदाला एक ठोका उमटला. गमतीने नाव पडलं 'एलजीएम-१', म्हणजे छोटी हिरवी माणसं. पण डिसेंबरात तिलाच आकाशाच्या दुसऱ्या कोपऱ्यात तसाच दुसरा स्रोत सापडला आणि हिरवी माणसं निकालात निघाली. हे होते गरगर फिरणारे न्यूट्रॉन तारे.

१९७४ चं नोबेल ह्युइश आणि मार्टिन राईल यांना मिळालं. बेलबाईंना नाही. २०१८ मध्ये मिळालेलं ३० लाख डॉलरचं बक्षीस त्यांनी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना देऊन टाकलं. असो.

आज आपल्या खोडदच्या जीएमआरटीतही पल्सार शोधतात, पण कागद गेला. संगणकच ठराविक अंतराने येणारे ठोके हुडकतो. सोय मोठी, पण आम्हा प्रोग्रॅमरना ठाऊक आहे की प्रोग्रॅम सांगितलेलंच शोधतो. पार्क्स दुर्बिणीने २००१ साली टिपलेला, एकदाच येऊन गेलेला रेडिओ-स्फोट जुन्या डेटात पडून होता. तो जाहीर झाला २००७ मध्ये, आणि 'फास्ट रेडिओ बर्स्ट' हे नवंच प्रकरण उघडलं. तेव्हा डेटा गाळा खुशाल, पण गाळलेलं लगेच पुसू नका. कोणीतरी मागचे कागद काढायला येईल.