मदतकार्यातील छायाचित्रनीती
दुष्काळ, पूर, युद्ध अशा संकटांत सापडलेल्यांची छायाचित्रे व चित्रफिती घेताना आणि प्रसारित करताना पाळावयाचे नीतिनियम. इथिओपियातील १९८४ च्या दुष्काळाच्या दृश्यांमुळे जगभरातून मदत आली. मात्र आपद्‌ग्रस्त म्हणजे केवळ असहाय जीव, ही प्रतिमाही रूढ झाली. त्यावरील टीकेनंतर १९८९ मध्ये युरोपीय स्वयंसेवी संस्थांनी प्रतिमांविषयी आचारसंहिता स्वीकारली. रेडक्रॉस चळवळ व स्वयंसेवी संस्थांच्या १९९४ च्या संहितेचे दहावे तत्त्व आपद्‌ग्रस्तांची मानवी प्रतिष्ठा जपण्यास सांगते. समाजमाध्यमांवर गेलेले चित्र परत घेता येत नाही. म्हणून समजून-उमजून दिलेली संमती आणि ओळख व ठिकाणाची गुप्तता आवश्यक ठरते. भारतात बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख माध्यमांतून उघड करणे दंडनीय आहे.