शाळेचं दार

अमेरिकेतल्या चिनी घरांत मुलांमागं अभ्यासाचा फार धोशा. लोक कन्फ्यूशियसकडे बोट दाखवून मोकळे होतात. मला मात्र मॅमी टेप आठवते. १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी शाळेनं या आठ वर्षांच्या मुलीला, चिनी म्हणून, दारातूनच परत पाठवलं. आईबाप कोर्टात गेले, १८८५ मध्ये जिंकलेही. तर शहरानं चिन्यांसाठी वेगळीच शाळा काढली! आईनं, मेरीनं, शिक्षण मंडळाला खरमरीत पत्र लिहिलं. पण मॅमीला त्याच शाळेत जावं लागलं.

चिनी मजुरांना १८८२ पासून देशबंदीच होती. १९६५ च्या कायद्यानं वाट मोकळी झाली, ती नातेवाइकांना आणि शिकलेल्यांना. पदवीच्या जोरावर देशात शिरलेला बाप मुलाला दुसरं काय सांगणार? मुलं त्याखाली घुसमटतात, हेही खरंच.

माझे अब्बाही नंबर विचारायचे. मी खाली मान घालून ओळी जुळवत उभा असे.